भट्टीपासून वाचायचं घर: व्हिक्टोरियाकालीन जनगणनेत इंग्लंडच्या गावलोहाराचं कुटुंब

इंग्लंडमधल्या खेड्यातला लोहार जुन्या जनगणनेत शोधणं सोपं वाटतं. गावात लोहार एक, फार तर दोन. नाव सापडलं, बायकोमुलांची यादी उतरवून घेतली की बरेच जण मागच्या पिढीकडे वळतात. तिथेच हातचं निसटतं. लोहाराचं घर म्हणजे घर आणि कारखाना एकत्र. भट्टीला किती हात लागतात हे डोक्यात ठेवून यादी वाचली, तर रिकाम्या रकान्यातला मुलगा, 'नोकर' म्हणून नोंदलेला कारागीर आणि वेगळ्या आडनावाचा अविवाहित 'जावई' या सगळ्यांचा उलगडा होतो.

खाली दिलेली पद्धत इंग्लंड आणि वेल्ससाठी आहे. स्कॉटलंडची पत्रकं स्कॉटलंड्सपीपल या सरकारी संकेतस्थळावर वेगळी आहेत. आयर्लंडची १८२१ ते १८५१ ची बहुतेक पत्रकं १९२२ च्या आगीत गेली आणि १८६१ ते १८९१ ची सरकारनेच नष्ट केली. त्यामुळे तिथलं १९०१ च्या आधीचं घर जनगणनेत मिळण्याची आशा जवळजवळ नाही.

हातात येते ती नक्कल

आपल्याकडे जिला पूर्वी खानेसुमारी म्हणत, ती तिथे अशी व्हायची. ठरलेल्या रविवारच्या आधी प्रगणक घरोघर छापील तक्ता देऊन जायचा. त्या रात्री घरात जे मुक्कामाला होते त्यांची नावं कुटुंबप्रमुखाने भरायची. सोमवारी प्रगणक तक्ते गोळा करायचा. ज्याला लिहिता येत नसे त्याचा तक्ता तो स्वतःच भरायचा. मग सगळे तक्ते तो एका वहीत उतरवायचा. आज पडद्यावर दिसतं ते या वहीचं पान. मूळ तक्ते पुढे नष्ट केले गेले. घरच्यांच्या हातचा तक्ता थेट पाहायला मिळतो तो १९११ पासून.

म्हणजे एखादी चूक लोहाराने सांगताना झाली असेल, प्रगणकाने ऐकताना झाली असेल किंवा नक्कल करताना झाली असेल. त्यात आजच्या संकेतस्थळावर अक्षर लावणाऱ्याची चौथी चूक मिसळते. म्हणून पहिला नियम: टंकलेली ओळ पुरावा म्हणून धरू नका, वहीच्या पानाचं चित्र उघडा.

तारखा पाठ नसल्या तरी समोर लिहून ठेवा, कारण वयाचा सगळा हिशेब त्यांच्यावर बसतो:

- १८४१: ६ जून
- १८५१: ३० मार्च
- १८६१: ७ एप्रिल
- १८७१: २ एप्रिल
- १८८१: ३ एप्रिल
- १८९१: ५ एप्रिल

१९०१ ची जनगणना ३१ मार्चला झाली, तेव्हा राणी जाऊन दोन महिने होऊन गेले होते. तरीही व्हिक्टोरियाच्या काळात वाढलेल्या मुलांचं पुढे काय झालं हे पाहायला १९०१ आणि १९११ दोन्ही लागतात.

सुरुवात १८८१ पासून

१८८१ ची संपूर्ण नक्कल स्वयंसेवकांनी उतरवलेली आहे आणि फॅमिलीसर्चवर फुकट शोधता येते. फ्रीसेनवर काही काउंटींची इतर वर्षंही फुकट मिळतात. पानाचं चित्र पाहायला बहुतेक वेळा फाइंडमायपास्ट किंवा अ‍ॅन्सेस्ट्रीसारखी सशुल्क सेवा लागते. १८८१ मध्ये घर सापडलं की दहा दहा वर्षं मागे जा, मग पुढे या. सुरुवातच १८४१ पासून केली तर चुकीच्या घरात शिरण्याचा धोका मोठा, कारण त्या वर्षी नातं विचारलेलंच नव्हतं.

नावाने सापडत नसेल तर या क्रमाने जा:

१. आडनाव सोडा. पाळण्यातलं नाव, जन्मगाव आणि वयाची दोन-तीन वर्षांची सैल मर्यादा एवढंच घाला. जन्मगाव हे आडनावापेक्षा भरवशाचं असतं, कारण ते प्रगणकाच्या ओळखीचं असतं.

२. आडनावातल्या स्वरांच्या जागी तारांकन टाका. प्रगणक कानाने ऐकून लिहायचा. सुरुवातीचा 'ह' गाळणं किंवा नसताना लावणं हे तर नेहमीचं.

३. घरातल्या सर्वांत वेगळ्या नावाच्या मुलाला शोधा. बापाचं नाव जॉन असेल आणि एका मुलीचं नाव केझाया, तर केझायाला शोधणं शहाणपणाचं.

४. काही संकेतस्थळांवर व्यवसायाने शोधता येतं. पॅरिशचं, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या गावाचं, नाव आणि 'ब्लॅकस्मिथ' घाला. पण 'स्मिथ' एवढंच घातलंत तर आडनावांचा पूर येईल. उलट बाजूही लक्षात घ्या: स्मिथ हे आडनाव कित्येक शतकं आधीच पक्कं झालेलं होतं, आडनाव स्मिथ म्हणून घरात भट्टी असेल असं नाही.

५. एवढ्यानेही नाही सापडलं तर पॅरिशची वही पहिल्या पानापासून चाळा. गावाची वही बऱ्याचदा तासाभरात संपते. आणि हे काम तसंही करायचंच आहे, कारण शेजारीपाजारी महत्त्वाचे आहेत.

संक्षिप्त नावांनी गोंधळू नका. 'जेएनओ' म्हणजे जॉन, जोनाथन नव्हे. 'जेएएस' म्हणजे जेम्स. जोडीने आलेल्या दोन 'एस'पैकी पहिला जुन्या वळणाने लांब काढत, तो 'एफ' किंवा 'पी'सारखा दिसतो. जेसी हे नाव त्यामुळे यादीत भलतंच होऊन बसतं.

सापडलं की लगेच संदर्भ उतरवा. १८४१ आणि १८५१ च्या वह्या एचओ १०७ या मालिकेत आहेत. १८६१ ची आरजी ९, १८७१ ची आरजी १०, १८८१ ची आरजी ११, १८९१ ची आरजी १२. त्यानंतर पीस क्रमांक (मालिकेतल्या गठ्ठ्याचा), फोलिओ (पाठपोट कागदाचा क्रमांक) आणि पान लिहायचं. फोलिओचा शिक्का एक पान सोडून एका पानावर, उजव्या कोपऱ्यात वर असतो. तुमच्या पानावर नसेल तर आधीच्या पानावरचा घ्या. डावीकडच्या पहिल्या रकान्यातला आकडा तक्त्याचा क्रमांक असतो. तो घरक्रमांक समजून लोक वर्षानुवर्षं चुकीचं घर शोधत बसतात.

वयाचं गणित

१८४१ मध्ये पंधरा वर्षांपर्यंतचं वय आहे तसं, आणि त्यावरचं वय पाचाच्या पाढ्यात खाली आणून लिहायचा हुकूम होता. चौतीस वर्षांचा लोहार तिथे ३० म्हणून दिसतो. म्हणजे '३०' या आकड्याचा अर्थ ७ जून १८०६ ते ६ जून १८११ या काळात जन्म. काही प्रगणकांनी हुकूम न पाळता खरं वय लिहिलं. पानावर ३३, ४७ असे आकडे दिसले तर तो प्रगणक त्यातला.

१८५१ पासून पूर्ण वय आहे, पण संकेतस्थळं वर्षातून वय सरळ वजा करतात आणि तिथे एका वर्षाची चूक शिरते. ३ एप्रिल १८८१ ला तीस वर्षांचा माणूस ४ एप्रिल १८५० ते ३ एप्रिल १८५१ या काळात जन्मलेला. बारापैकी नऊ महिने १८५० मध्ये पडतात. म्हणून वजाबाकी करून आणखी एक वर्ष मागे जा आणि जन्मनोंद तिथून शोधायला लागा.

एकाच माणसाचं वय दहा वर्षांत आठने किंवा बाराने वाढलेलं दिसलं तर दचकू नका. दोन आकडे जुळत नसतील तर लहानपणीच्या जनगणनेतलं वय खरं धरा. दोन वर्षांच्या मुलाचं वय चुकवणं अवघड, बावन्न वर्षांच्या माणसाचं सोपं.

१८४१ ची वही पेन्सिलीने लिहिलेली आहे, अक्षर पुसट असतं. पुढच्या वह्यांत लंडनच्या कचेरीतल्या कारकुनांनी मोजणी करताना मारलेल्या उभ्या-आडव्या रेघा वयावरून आणि व्यवसायावरून गेलेल्या असतात. त्या रेघेमुळे १ चा ४ होतो आणि ० चा ६. शंका आली की त्याच पानावरचे इतर आकडे शेजारी ठेवून पाहा.

भट्टीला हात किती लागतात

आता कागद बाजूला ठेवून भट्टीकडे पाहू, कारण यादीचा अर्थ इथे आहे.

गावच्या लोहाराकडे कामं चार प्रकारची: घोड्यांना नाल मारणं, नांगराचे फाळ शेवटणं (टोकाला धार काढणं) आणि नवं लोखंड जोडणं, गाड्यांच्या चाकांना धाव (लोखंडी कडं) चढवणं, आणि बिजागऱ्या, साखळ्या, फाटकाच्या कड्या असली किरकोळ कामं. नाल लोहार एकट्याने घडवू शकतो. जाड लोखंडाला मात्र दुसरा माणूस लागतोच. लोहाराच्या डाव्या हातात सांडशीत धरलेलं तापलं लोखंड, उजव्या हातात लहान हातोडा. तो हातोड्याने जागा दाखवतो आणि समोरचा माणूस तिथे घण घालतो. तिसरं माणूस भात्यावर. भात्यावर मूल चालतं, घणावर अंगात जोर असलेला गडीच हवा.

धाव चढवणं हे सर्वांत जास्त हातांचं काम. चार फूट व्यासाच्या चाकाचा परीघ साधारण साडेबारा फूट भरतो. फिरत्या मोजचाकाने तो मोजून लोखंडी पट्टीची धाव त्याहून इंचभर कमी मापाची करायची. लाल तापली की ती इंच-सव्वा इंच फुगते, मग चाकावर बसते. चाक जमिनीवरच्या लोखंडी तबकडीवर आडवं आवळलेलं असतं. दोघंतिघं लांब सांडशांनी धाव उचलून आणतात, एक घणाने ठोकून बसवतो, आणि लाकूड पेट घेऊ लागतं त्या क्षणी चहूबाजूंनी पाणी ओतावं लागतं. धाव गार होताना आवळते आणि आरे, तुंबा (मधला लाकडी गड्डा), पुठ्ठे (कडेचे लाकडी तुकडे) सगळं गच्च धरते. माप जास्त कापलं तर चाक वाकडं आवळतं. कमी कापलं तर पहिल्याच कोरड्या उन्हाळ्यात धाव निसटते. पाणी उशिरा पडलं तर पुठ्ठे जळून सैल होतात. म्हणून पाण्याच्या बादल्यांशी घरातलं प्रत्येक माणूस उभं, बायकोसुद्धा.

जनगणनेत मात्र बायकोच्या रकान्यात बहुतेक वेळा काहीच नसतं, किंवा 'ब्लॅकस्मिथ्स वाइफ' एवढंच असतं. १८४१ च्या सूचनांत तर स्पष्ट होतं की आईबापांना मदत करणाऱ्या, पण पगार न घेणाऱ्या आणि रीतसर शिकाऊ नसलेल्या मुलामुलींचा आणि बायकोचा व्यवसाय लिहिण्याची गरज नाही. त्यामुळे लोहाराच्या घरातला वीस वर्षांचा मुलगा आणि रिकामा रकाना असं दिसलं की तो रिकामटेकडा होता असं धरू नका. बहुधा घण त्याच्याच हातात होता.

यावरून वाचनाची रीत ठरते. घरात लोहार एकटा दिसत असेल तर स्वतःला विचारा: याचा घण कोण मारतो? आधी घरातली तेरा-चौदा वर्षांपुढची मुलं पाहा. ती नसतील तर आधीच्या आणि पुढच्या दोन पानांवर 'स्ट्रायकर', 'हॅमरमन' किंवा 'ब्लॅकस्मिथ्स लेबरर' शोधा. मग त्याच आडनावाचा भाऊ किंवा बाप शेजारच्या घरात आहे का ते बघा. कोणीच नाही, तर हा माणूस स्वतःच दुसऱ्याच्या भट्टीवर मजुरीने जाणारा कारागीर असण्याची शक्यता धरा.

व्यवसायाच्या रकान्यातले शब्द

'ब्लॅकस्मिथ' म्हणजे तापल्या काळ्या लोखंडाचं काम करणारा. 'व्हाइटस्मिथ' कथलाचं किंवा घासून-पॉलिश करून पूर्ण केलेलं काम करणारा; कल्हईवाला आणि लोहार यांच्या मधला कारागीर. 'फॅरियर' आणि 'शूइंग स्मिथ' म्हणजे नालबंद, पण फॅरियर घोड्याच्या दुखण्यांवरही उपचार करायचा. खेड्यात हे शब्द एकाच माणसाला वेगवेगळ्या वर्षी लागलेले सापडतात, त्यावरून धंदा बदलला असं लगेच म्हणू नका.

'नेलर' मात्र वेगळा. डडली, हेल्सोवेन, ब्रॉम्सग्रोव्ह या पट्ट्यात घराच्या मागे लहानशी भट्टी लावून अख्खं कुटुंब, बायकामुलांसकट, खिळे घडवायचं आणि ते दलालाला द्यायचं. ती घरं गावलोहाराच्या घरासारखी वाचू नयेत. तिथे बायकोच्या आणि लहान मुलींच्या पुढेही 'नेलर' हाच व्यवसाय येतो.

१८४१ ची छोटी अक्षरं: 'जे' म्हणजे जर्नीमन, शिकून तयार झालेला पण पगारावर काम करणारा कारागीर. 'एपी' म्हणजे अप्रेंटिस. 'एम' म्हणजे बनवणारा. त्याचा मास्टर किंवा विवाहित असा अर्थ लावणं ही सर्रास होणारी चूक. 'एमएस' आणि 'एफएस' म्हणजे पुरुष नोकर आणि स्त्री नोकर.

१८५१ ते १८८१ मध्ये मालकाने 'मास्टर' लिहून हाताखाली किती माणसं आणि मुलं आहेत ते सांगायचं होतं. अनेक लोहारांनी नुसतं 'ब्लॅकस्मिथ' लिहून काम भागवलं. म्हणून 'मास्टर' हा शब्द नाही यावरून तो मालक नव्हता असं ठरत नाही. 'एक माणूस, एक मुलगा' अशी नोंद असेल तेव्हा त्या आकड्यात स्वतःची मुलं धरली की नाही, हे पानावरून कळत नाही. घरात झोपलेल्या माणसांशी तो आकडा जुळलाच पाहिजे असा हट्ट धरू नका. कारागीर दोन घरं पलीकडे राहत असेल.

१८९१ मध्ये मालक, पगारी आणि दोन्ही नाही असे तीन रकाने आले. लोकांनी चुकीच्या रकान्यात, दोन दोन रकान्यांत फुल्या मारल्या. त्या वर्षीच्या सरकारी अहवालातच या रकान्यांच्या भरवशाबद्दल तक्रार आहे. एकट्या फुलीवर निष्कर्ष उभारू नका. त्याच वर्षी पाचपेक्षा कमी खोल्या असतील तरच खोल्यांची संख्या लिहायची होती, म्हणजे रकाना रिकामा याचा अर्थ पाच किंवा अधिक खोल्या.

जोडधंदे नीट उतरवा. 'ब्लॅकस्मिथ अँड बिअरहाउस कीपर' ही जोडी ठिकठिकाणी भेटते. १८३० च्या कायद्याने बिअर विकण्याचा परवाना स्वस्तात मिळू लागला आणि नाल मारून होईपर्यंत थांबलेल्या गाडीवानाला तहान लागतेच. अशा घरात पाच-सहा एकर जमीनही असू शकते. पुढच्या जनगणनेत तोच माणूस नुसता 'फार्मर' म्हणून आला तर दुसरा कोणी समजून सोडून देऊ नका.

एक घर जवळून

नमुन्यादाखल १८५१ चं एक घर मनात धरू. प्रमुख, ४२, लोहार, मास्टर, एक माणूस आणि एक शिकाऊ. बायको ३९. मुलगा १७, रकाना रिकामा. मुलगी १४. मुलगा ११, 'स्कॉलर'. मुलगा ६. मग 'सन-इन-लॉ', १९, अविवाहित, आडनाव वेगळं. 'सर्व्हंट', २४, अविवाहित, जर्नीमन ब्लॅकस्मिथ. शेवटी अप्रेंटिस, १६.

एकोणीस वर्षांचा अविवाहित जावई कसा? त्या काळी 'सन-इन-लॉ' हा शब्द सावत्र मुलालाही वापरत. तसंच 'मदर-इन-लॉ' ही सासू असेल किंवा सावत्र आई. मुलाचा जन्म ३१ मार्च १८३१ ते ३० मार्च १८३२ मधला. त्याच्यानंतरचा सतरा वर्षांचा मुलगा लोहाराच्या आडनावाचा, १८३३-३४ चा. म्हणजे बाईचं लोहाराशी लग्न बहुधा या दोन जन्मांच्या मधे कधीतरी. सरकारी नोंदणी १ जुलै १८३७ ला सुरू झाली, त्यामुळे हे लग्न पॅरिशच्या वहीत शोधायचं. तिथे ती 'विधवा' म्हणून असेल तर वेगळं आडनाव पहिल्या नवऱ्याचं. 'अविवाहित' असेल आणि तिचं माहेरचं आडनाव मुलाच्या आडनावाशी जुळत असेल, तर मूल लग्नाआधीचं. बाप्तिस्म्याची नोंद हे पक्कं करते: १८१३ पासूनच्या छापील वहीत बापाचा व्यवसाय आणि राहण्याचं ठिकाण असतं, आणि बाप नोंदलेला नसेल तर तेही दिसतं. आणखी एक शक्यता उरते: सतरा वर्षांचा मुलगा लोहाराच्या आधीच्या बायकोचा असेल. तसं असेल तर बाईचं लग्न आणखी पुढे सरकतं. त्याचा बाप्तिस्मा काढून आईचं नाव ताडून पाहा.

'सर्व्हंट' चोवीस वर्षांचा जर्नीमन म्हणजे घरगडी नव्हे, तो पगारी कारागीर. नात्याच्या रकान्यात मालकाशी असलेलं नातं लिहिलंय, काम पुढच्या रकान्यात आहे. 'बोर्डर' घरच्या पंगतीला जेवणारा आणि 'लॉजर' फक्त राहायला असा फरक मानत, पण प्रगणक तो काटेकोर पाळत नसत. शिकाऊ साधारण चौदा ते एकवीस या वयाचा. त्याचं जन्मगाव पाहून ठेवा. शिकून झाल्यावर तो कित्येकदा मालकाच्या मुलीशी लग्न करतो आणि पुढच्या जनगणनेत खराखुरा जावई म्हणून उभा राहतो.

अकरा वर्षांचा 'स्कॉलर' दिवसभर शाळेत होता असं धरू नका. १८८० पर्यंत शाळा देशभर सक्तीची नव्हती. संध्याकाळी, सुगीत, धाव चढवायच्या दिवशी तो भात्यावर असणार.

आता हेच घर १८४१ मध्ये पाहा. तिथे नातं लिहिलेलं नाही, म्हणून रेघांवर नजर ठेवा: नावांच्या शेजारी एक तिरकी रेघ म्हणजे कुटुंब संपलं, दोन तिरक्या रेघा म्हणजे इमारत संपली. नऊ-दहा वर्षांचा वेगळ्या आडनावाचा मुलगा एका रेघेच्या आत असेल तर तो याच घरातला.

१८६१ मध्ये घर बदललेलं असेल. जर्नीमन गेलेला, दोन मुलं 'ब्लॅकस्मिथ', मोठा लग्न होऊन शेजारच्या तक्त्यात. लोहाराच्या आडनावाचा चार वर्षांचा 'ग्रँडसन' असेल आणि घरात अविवाहित मुलगी, तर ते मूल बहुधा तिचं. काही घरांत असं मूल आजीआजोबांचं म्हणूनच लिहिलं जातं. आजी सत्तेचाळीस वर्षांची आणि 'मुलगा' एक वर्षाचा असेल तर जन्मनोंद काढा. जनरल रजिस्टर ऑफिसच्या नव्या सूचीत १८३७ पासून आईचं माहेरचं आडनाव दिलेलं आहे, त्यावरून तपासता येतं. १८७५ च्या आधी काही जन्म नोंदवलेच गेले नाहीत. तिथे पुन्हा बाप्तिस्मा.

१८७१ मध्ये प्रमुख म्हणून विधवा आणि व्यवसाय 'ब्लॅकस्मिथ' दिसला तर ती चूक नव्हे. भट्टी, गिऱ्हाईक, उधारीच्या वह्या तिच्या ताब्यात आहेत, घण मुलाच्या किंवा पगारी माणसाच्या हातात. नवऱ्याचा मृत्यू ७ एप्रिल १८६१ ते २ एप्रिल १८७१ मधे शोधा. १२ जानेवारी १८५८ पासूनच्या राष्ट्रीय प्रोबेट सूचीत (मृत्युपत्रं आणि वारसा मंजूर केल्याची यादी) नाव असेल तर नक्की तारीख मिळते. भट्टी मोडलेली असेल तर तोच म्हातारा लोहार वर्कहाउसच्या (निराधारांना ठेवायच्या संस्थेच्या) वहीत 'पूर्वीचा लोहार' म्हणून आहे का हेही पाहा. अशा संस्थांच्या काही वह्यांत नावाऐवजी आद्याक्षरंच असतात.

भट्टी जमिनीवर कुठे होती

खेड्यातल्या पत्त्याच्या रकान्यात गावाचं नाव किंवा नुसतं 'स्मिदी' (लोहाराची भट्टी) असतं. आधी वहीची पहिली पानं उघडा. प्रगणकाच्या हद्दीचं वर्णन तिथे असतं आणि शोधयंत्र ती पानं कधीच दाखवत नाही. मग वहीतला क्रम त्याची पायवाट समजून चाला. धर्मगुरूचं घर, गिरणी आणि खाणावळ हे तीन खांब धरून लोहार कोणत्या दोघांच्या मधे येतो ते लिहा. पुढच्या जनगणनेत प्रगणक उलट्या दिशेने निघाला तरी खांब तेच राहतात. सुताराचं घर जवळच असेल, कारण चाक तो करतो आणि धाव लोहार.

ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशाखात्याच्या, मैलाला सहा आणि पंचवीस इंच मापाच्या नकाशांवर भट्टी 'स्मिदी' म्हणून छापलेली असते. नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडच्या संकेतस्थळावर इंग्लंडचेही नकाशे फुकट पाहता येतात. त्याआधीच्या काळासाठी १८३६ च्या कायद्यानंतर झालेले टाइद नकाशे, म्हणजे चर्चला द्यायच्या दशमांशासाठी केलेले. नकाशावरच्या तुकड्याचा क्रमांक घेऊन सोबतच्या यादीत पाहिलं की जमिनीचा मालक आणि वापरणारा वेगवेगळा कळतो. लोहार भट्टीचा मालक होता की जमीनदाराचा भाडेकरू, हा प्रश्न इथे सुटतो. जनगणना त्याबद्दल काही सांगत नाही. केली, व्हाइट, पिगट यांच्या व्यापारी निर्देशिकांत साधारणपणे स्वतःची भट्टी चालवणाऱ्याचं नाव येतं, पगारी कारागिराचं नाही. 'मास्टर' लिहायला विसरलेल्या लोहाराचा निकाल तिथे लावा. लेस्टर विद्यापीठाने अशा निर्देशिका खुल्या ठेवल्या आहेत.

मुलांची जन्मगावं ओळीने मांडा. पहिली दोन एका गावची, तिसरं दुसऱ्या गावचं आणि पुढची सगळी तिसऱ्या गावची असतील, तर बाप जर्नीमन म्हणून फिरत होता आणि तिसऱ्या गावात त्याला स्वतःची भट्टी मिळाली असा सरळ अंदाज धरता येतो. दोन मुलांमध्ये चार-पाच वर्षांची फट दिसली तर त्या फटीत दगावलेलं मूल शोधा.

याच रकान्यात कधी आपल्या ओळखीचं नाव समोर येतं: 'ईस्ट इंडीज', आणि पुढे पुणे, खडकी किंवा अहमदनगर, इंग्रजी कानाने ऐकलेल्या वळणात. घोडदळात आणि तोफखान्यात नालबंद लागत. नोकरी संपवून गावी परतलेला असा माणूस भट्टी घेतो, तेव्हा मोठी मुलं छावणीत जन्मलेली असतात. त्यांची नोंद इंग्लंडच्या पॅरिशमध्ये शोधू नका. मुंबई इलाख्यातल्या बाप्तिस्मा, लग्न आणि दफनाच्या नकला ब्रिटिश लायब्ररीच्या इंडिया ऑफिस कागदपत्रांत एन/३ या मालिकेत आहेत आणि त्यातल्या पुष्कळ फाइंडमायपास्टवर पाहता येतात.

उलट दिशेने मात्र ही वाट बंद आहे. हिंदुस्थानात सगळीकडे एकाच वेळी पहिली जनगणना १७ फेब्रुवारी १८८१ ला झाली, पण घरवार पत्रकं जपली गेली नाहीत, छापील कोष्टकंच उरली. त्यात 'लोहार' ही जात म्हणून मोजलेली आहे, तर इंग्लंडच्या वहीत जातीचा रकानाच नाही, धंदा तेवढा आहे. बलुत्यावर धान्य घेणारा आपल्याकडचा लोहार डोळ्यापुढे ठेवून इंग्लंडचं पान वाचलं की मुलगा बापाचा धंदा करणारच असं आपण नकळत धरून चालतो. तिथला मुलगा रेल्वेच्या कारखान्यात गेलेला असू शकतो. १८७१ मध्ये तो गावात नसेल तर स्विंडन किंवा क्रू इथे 'इंजिन स्मिथ', 'बॉयलरमेकर', 'फिटर' या शब्दांखाली, जन्मगाव घालून शोधा.